फारखत, पोटगी आणि प्राप्तिकर

मराठीत विवाह तुटल्याचे सांगण्यास जे जुने शब्द आहेत, त्यांतले दोन हिशेबाच्या वहीतून आलेले दिसतात. ‘फारखत’ हा शब्द फारसी-अरबी वळणाचा. देणे फिटले, आता एकमेकांवर हक्क उरला नाही, असे लिहून दिलेला कागद म्हणजे फारखत. सावकार ती ऋणकोला देई, भागीदार भागीदाराला देई, आणि नवरा बायकोलाही देई. दुसरा शब्द ‘पोटगी’. तो अस्सल घरगुती आहे. पोटापुरते जे द्यावयाचे ते पोटगी. फारखतीने हिशेब संपतो. पोटगीने तो महिन्याच्या महिन्याला पुन्हा मांडला जातो. एका शब्दात शेवट आहे, दुसऱ्यात चालू राहणे आहे.

विवाहविच्छेदानंतर हातोहात जाणाऱ्या पैशावर भारतातील प्राप्तिकराने काय भूमिका घेतली, त्याचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. विधिज्ञांनी आणि न्यायमूर्तींनी अनेक वर्षांच्या खलानंतर जो भेद ठरविला, तो ह्या दोन शब्दांत अगोदरच होता. मात्र एक नाते ह्या दोन्ही शब्दांच्या बाहेर राहिले. ते अपत्याचे. पतिपत्नींची फारखत होते. बापलेकरांची होत नाही. कायद्याला हे कळत होते असे त्याच्या जुन्या कलमांवरून दिसते. पण कळूनही त्याने ते कधी स्पष्ट शब्दांत लिहिले नाही. त्या न लिहिण्याचा हा इतिहास आहे.

सरकारी तिजोरीची दृष्टी घरातील नात्यांकडे वळणे ही इंग्रजी अमलाची देणगी नव्हे. मराठेशाहीच्या महसुली कागदांत ‘लग्नटका’ आणि ‘पाटदाम’ अशा बाबी येतात. पाटदाम म्हणजे स्त्रीने दुसऱ्यांदा लावलेल्या पाटावर घेतलेला कर. ज्या जातींत पाट आणि काडीमोड चालत असे, त्यांना संसार मोडण्याची व पुन्हा मांडण्याची मुभा होती. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्यांत ही सोयच नव्हती. तेथे नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला अन्नवस्त्र मिळण्याचा हक्क धर्मशास्त्राने मान्य केला होता. तो हातात पडे की नाही, हे बहुधा माहेरच्या वजनावर अवलंबून असे.

ह्या बाबतीत महाराष्ट्राच्या आसपासच्या संस्थानांनी इंग्रजी मुलखाला मागे टाकले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीसंबंधी कायदा केला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४७ साली आपला हिंदू घटस्फोट कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, हिंदू विवाहित स्त्रीला विशिष्ट कारणांसाठी वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क देणारा कायदा मध्यवर्ती विधिमंडळाने संमत केला होता. अशा रीतीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पोटगी ही दयेची बाब न राहता हुकूमनाम्याची बाब होऊ लागली.

आता दुसरी वही उघडू. १८५७ च्या उठावाने तिजोरीला पडलेले भगदाड बुजविण्यासाठी जेम्स विल्सन ह्यांनी १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. १८८६ च्या कायद्याने तो स्थिर झाला आणि १९२२ च्या कायद्याने त्याला आधुनिक रूप आले. प्रत्येक व्यक्तीचे उत्पन्न वेगळे मोजावयाचे, हे त्याचे मूळ तत्त्व. ह्या तत्त्वातून एक पळवाट निघाली. उत्पन्नाचे साधन बायकोच्या किंवा मुलाच्या नावे करून दिले की कराचा बोजा हलका होई. ती बुजविण्यासाठी १९३७ च्या दुरुस्तीने १६ व्या कलमात एक पोटकलम घालण्यात आले. नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता पत्नीस मालमत्ता दिली, तर तिचे उत्पन्न नवऱ्याचेच धरावयाचे. अज्ञान अपत्यास दिली तरीही तेच.

ह्या पोटकलमात एक अपवाद आहे आणि तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातो. पत्नीला दिलेली मालमत्ता जर विभक्त राहण्याच्या कराराच्या अनुषंगाने दिलेली असेल, तर तिचे उत्पन्न नवऱ्याच्या माथी मारावयाचे नाही. पुढच्याच ओळीत अज्ञान अपत्यासंबंधीची तरतूद आहे. तेथे हा अपवाद नाही. करकायदा लिहिणाऱ्या कोण्या मसुदाकाराने हे जाणूनबुजून केले की सहज, हे सांगावयास तो आज नाही. परंतु जे लिहिले गेले त्याचा अर्थ सरळ आहे. बायको नवऱ्यापासून वेगळी होऊ शकते, मूल बापापासून होऊ शकत नाही. हीच रचना १९६१ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमात उतरली.

मालमत्ता दिली तर काय, हे अशा रीतीने ठरले होते. पण मालमत्ता न देता दरमहा रोकड दिली तर? ह्याचे उत्तर कलमात नव्हते; ते न्यायालयांतून यावयाचे होते.

पहिला मोठा निर्णय आला तो पतिपत्नींच्या नव्हे, तर एका संस्थानिक घराण्यातील सावत्र आईच्या पोटगीवर. बंगालमधील अझीमगंजचे राजा विजयसिंह दुधोरिया ह्यांच्यावर त्यांच्या सावत्र आईने दावा लावला. तडजोडीच्या हुकूमनाम्याने तिला ठराविक मासिक रक्कम मिळाली आणि त्या रकमेचा बोजा राजांच्या मालमत्तेवर ठेवण्यात आला. ही रक्कम आपल्या उत्पन्नात धरू नये, असे राजांचे म्हणणे. १९३३ साली प्रिव्ही कौन्सिलने ते मान्य केले. जो पैसा वाटेतच दुसऱ्याच्या हक्काने वळविला जातो, तो खरोखर राजांचे उत्पन्न झालाच नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. पाटाचे पाणी आपल्या शेतात येण्यापूर्वीच दुसऱ्याच्या शेतात वळले, तर त्याची पाणीपट्टी आपण का भरावी, असा हा प्रश्न होता.

ह्या निर्णयाने पोटगी देणाऱ्या नवऱ्यांच्या आशा पालवल्या असतील, तर नवल नाही. त्यांची कसोटी लागली ती स्वतंत्र भारतात आणि ती दिल्लीत.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकाला १९५५ हे वर्ष अभिमानाचे वाटावे असे आहे. हिंदू संहितेच्या प्रश्नावर १९५१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले होते. त्या संहितेचा पहिला तुकडा, हिंदू विवाह कायदा, मे १९५५ मध्ये अमलात आला. तो संसदेत धसास लावण्याचे काम हरि विनायक पाटसकर ह्यांनी केले. त्याच वेळी अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे होते. विवाहाचा कायदा एका मराठी माणसाच्या हाती, कराचा कायदा दुसऱ्याच्या हाती. आणि तरी ह्या दोन कायद्यांनी एकमेकांशी एक शब्दही बोलून घेतले नाही. ह्यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. सचिवालयात काम करणाऱ्यास हे चांगले ठाऊक असते की दोन मंत्रालयांतील अंतर मजल्यांनी मोजता येत नाही. नस्ती ज्या खात्याची, प्रश्नही त्याच खात्याचा.

विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाने न्यायालयाला कायम पोटगीचे दोन मार्ग दिले: एक ठोक रक्कम, अथवा मासिक वा अन्य ठराविक मुदतीची रक्कम. हा हक्क पत्नीइतकाच पतीलाही दिला आहे, हे अनेकांच्या लक्षात नसते. पुढचे २६ वे कलम मुलांच्या ताब्याविषयी, पोषणाविषयी आणि शिक्षणाविषयी आहे. म्हणजे विवाह कायद्याने आईचा पैसा आणि मुलाचा पैसा ह्यांसाठी दोन वेगळी कलमे लिहिली. फौजदारी न्यायालयातून मिळणाऱ्या पोटगीची कमाल मर्यादाही त्याच वर्षी दरमहा शंभर रुपयांवरून पाचशेवर नेण्यात आली. ती पाचशेची मर्यादा २००१ सालापर्यंत, म्हणजे सेहेचाळीस वर्षे, केंद्रीय कायद्यात तशीच होती; त्या अवधीत रुपयाचे काय झाले, ते महागाई भत्त्यावर जगणाऱ्यांना सांगावयास नको.

आता मुंबईच्या सीतलदास तीरथदास ह्यांचा खटला. हे गृहस्थ सधन होते. स्थावर मालमत्ता, भागभांडवल, बँकेतील ठेवी आणि एका पेढीतील हिस्सा ही त्यांच्या उत्पन्नाची साधने होती. पत्नी व मुले वेगळी राहत. त्यांनी १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात पोटगीचा दावा लावला. येथे घटस्फोट नव्हता, विभक्त कुटुंबाची पोटगी होती. मार्च १९५३ मध्ये तडजोडीने हुकूमनामा होऊन पत्नी व मुले मिळून दरमहा १,५०० रुपये ठरले. मालमत्तेवर बोजा ठेवलेला नव्हता. १९५३-५४ ह्या करनिर्धारण वर्षात सीतलदासांचे उत्पन्न ५०,३७५ रुपये आणि १९५४-५५ मध्ये ५५,१६० रुपये धरण्यात आले. त्यांतून पहिल्या वर्षी १,३५० आणि दुसऱ्या वर्षी १८,००० रुपये वजा करावेत, अशी त्यांची मागणी होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. प्राप्तिकर खाते सर्वोच्च न्यायालयात गेले.

२४ नोव्हेंबर १९६० रोजी लागलेला निकाल न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला ह्यांनी लिहिला आहे. त्यांचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. वकिली त्यांनी नागपुरातच केली आणि तेथील उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीशही होते. निकालातला भेद त्यांनी फार थोड्या शब्दांत मांडला. पैसा करदात्याच्या हाती येण्यापूर्वीच कायदेशीर हक्काने दुसरीकडे वळत असेल, तर तो त्याचे उत्पन्न नव्हे. हाती आल्यावर एखादे कर्तव्य पुरे करण्यासाठी तो खर्च करावा लागत असेल, तर ते उत्पन्नच होय; त्याचा केवळ विनियोग झाला. सीतलदासांची पत्नी आणि मुले ह्यांना त्यांच्या उत्पन्नाच्या कोणत्याही साधनावर हक्क नव्हता. त्यांचा हक्क सीतलदासांवर होता. म्हणून १८,००० रुपये घराबाहेर गेले, म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, तरी कर पुऱ्या ५५,१६० रुपयांवर.

हा निकाल आजही ह्या विषयातील पायाचा दगड आहे. पोटगी देणाऱ्यास प्राप्तिकरात सूट नाही, मग ती पत्नीसाठी असो वा मुलांसाठी. सरकारी नोकराचा वेगळा विचार व्हावा असे वाटण्यास जागा आहे, कारण त्याचा पगार हाती येण्यापूर्वीच जप्त होऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पोटगीच्या हुकूमनाम्याची बजावणी होताना पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित राहतो. उरलेला दोन तृतीयांश कार्यालयातूनच न्यायालयाकडे जाऊ शकतो. परंतु जप्ती हा देणे वसूल करण्याचा मार्ग आहे. पगारावरची मालकी तो बदलीत नाही. म्हणून वेतनपत्रकात कर कापला जातो तो पूर्ण पगारावर. पोटगी ठरविणाऱ्या न्यायालयांनीही हा क्रम स्वीकारलेला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ सालच्या एका निर्णयात सुचविले की प्रथम मिळवत्या व्यक्तीचे निव्वळ हाती उरणारे उत्पन्न काढावे, नंतर त्याचे वाटे करावेत: मिळवत्यास दोन आणि कुटुंबातील इतर प्रत्येकास एक. ह्या मांडणीत पंगतीला बसण्याआधी एक पान वाढून बाजूला ठेवलेले असते. ते तिजोरीचे.

सीतलदासांचा हुकूमनामा पत्नी व मुले ह्यांचा एकत्रित होता, ही गोष्ट येथे अधोरेखित करावीशी वाटते. रकमेत कोणाचा वाटा किती, हे विचारण्याची त्या खटल्यात गरजच पडली नाही. कारण प्रश्न देणाऱ्याचा होता, घेणाऱ्यांचा नव्हता. योगायोग असा की बरोबर सहा महिन्यांनी, मे १९६१ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच विभागणीचा प्रश्न आला.

अमेरिकेचा रस्ता वेगळा होता. १९१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित पत्नीची पोटगी हे तिचे उत्पन्न नव्हे, असे म्हटले होते. दुसऱ्या महायुद्धात करांचे दर चढले आणि पोटगी देऊन उरलेल्या पैशात कर भरणे पतीस कठीण झाले. तेव्हा १९४२ च्या कायद्याने उलट व्यवस्था केली. पत्नीची मासिक पोटगी पतीच्या उत्पन्नातून वजा व्हावी आणि पत्नीच्या उत्पन्नात धरली जावी. अपत्याच्या पोषणाची रक्कम मात्र पतीला वजा मिळू नये आणि पत्नीवरही तिचा कर बसू नये. ह्याच भेदावर १९६१ चा ‘लेस्टर’ खटला झाला. त्या करारात रक्कम एकत्रित होती. तीन मुलांपैकी कोणी लग्न करून वा स्वावलंबी होऊन बाजूस झाले, की ती एक षष्ठांशाने घटावयाची होती. म्हणजे मुलांचा वाटा किती, हे शाळकरी पोरानेही सांगितले असते. तरीसुद्धा न्यायालयाने म्हटले की मुलांची रक्कम करारात स्पष्ट ठरविलेली नाही, सबब सर्व पैसा पत्नीची पोटगीच. आईने सगळ्यावर कर भरला, बापाला सगळ्याची सूट मिळाली. १९८४ साली तेथील विधिमंडळाने हा नियम बदलला. आणि २०१७ च्या कायद्याने, २०१८ अखेरीनंतर होणाऱ्या घटस्फोटांपुरती, ती १९४२ ची व्यवस्थाच मोडीत काढली.

कॅनडात तर मुलाच्या पोषणाचा पैसाही आईच्या उत्पन्नात धरीत. सुझान तिबोदो ह्या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९९५ च्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा मताने ती फेटाळली. बाई न्यायालयात हरल्या, पण लोकमतात जिंकल्या. १ मे १९९७ पासूनच्या नव्या आदेशांना तो नियम लागू करणे शासनाने सोडून दिले. ह्या परक्या हकीकती सांगण्याचे कारण एवढेच की तेथे ह्या प्रश्नावर विधिमंडळाने नियम केला, चुकला, बदलला. आपल्याकडे विधिमंडळाने नियमच केला नाही.

घेणाऱ्याची बाजू आपल्या न्यायालयांपुढे आली ती बरीच उशिरा. प्रतापगढच्या महेश्वरीदेवी ह्यांना विवाहविच्छेदाच्या हुकूमनाम्यानुसार एक ठोक रक्कम आणि त्याखेरीज दरमहा पोटगी मिळाली होती. हा खटला मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढला आणि तो प्राप्तिकराच्या निर्णयसंग्रहाच्या १४७ व्या खंडात, १९८४ साली, छापला गेला. न्यायालयाने दोन रकमा वेगळ्या केल्या. ठोक रक्कम ही भांडवली प्राप्ती. पुढे मिळू शकणारा मासिक हक्क सोडून देऊन ती घेतलेली असते, म्हणून तिच्यावर प्राप्तिकर नाही. मासिक रक्कम मात्र नियमित येते, ठराविक काळाने येते आणि हुकूमनामा हा तिचा निश्चित उगम आहे. म्हणून ती उत्पन्न आणि करपात्र.

वाचकांच्या ध्यानी आलेच असेल, हाच तो फारखतीचा आणि पोटगीचा भेद. हिशेब एकदाच मिटविला तर कर नाही, महिन्याच्या महिन्याला चालविला तर कर आहे. दिल्लीच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१३ साली आणखी एक पाऊल टाकले. ठरलेल्या मासिक पोटगीच्या बदल्यात पुढे एकरकमी पैसा देऊन हिशेब संपविला, तर ती रक्कमही भांडवली, असे त्याने ठरविले.

आता ह्याचा प्रत्यक्ष परिणाम पाहा. ज्या स्त्रीचा पूर्वीचा पती धनवान आहे, त्याला ठोक रक्कम देता येते. तिच्या हाती ती करमुक्त पडते. ज्याचे बळ केवळ मासिक पगार एवढेच आहे, तो हप्त्यानेच देणार. ह्या दुसऱ्या घरात रुपया दोनदा मोजला जातो. पगारातून कर कापून राहिलेला पैसा तो पाठवितो. तिच्या इतर मिळकतीत तो मिळून करपात्र मर्यादेच्या वर गेला, की तीही त्याच रुपयावर कर भरते. पोळी एक आणि भाजायचे तवे दोन. कमी मिळकतीच्या स्त्रीला करमाफीची मर्यादा वाचविते, हे खरे. पण शिक्षिका, परिचारिका, कारकून अशा नोकरी करणाऱ्या बाईला ती वाचवीत नाही.

आणि ह्या रुपयात मुलाचा वाटाही मिसळलेला असला, तर? येथे आपण पुन्हा १९३७ च्या त्या दोन ओळींपाशी येतो.

बापाने मुलाच्या पोषणासाठी दिलेल्या पैशाचे काय करावे, हे सांगणारे कलम आजही नाही. परंतु आजूबाजूच्या कलमांवरून कायद्याचा कल वाचता येतो. २००४ पासून विनामोबदला मिळालेल्या मोठ्या रकमांवर प्राप्तिकर बसू लागला. २००६ पासून ती मर्यादा पन्नास हजार रुपयांची झाली. नातेवाइकांकडून मिळालेल्या रकमा त्यातून वगळल्या आहेत. नातेवाइकांच्या यादीत पती वा पत्नी आहे, तसेच आईबाप-आजोबा हे थेट पूर्वजही आहेत. विवाह तुटला की पूर्वीचा पती त्या यादीतून गळतो. बाप गळत नाही. घटस्फोटाच्या दुसऱ्या दिवशीही तो मुलाचा पूर्वजच असतो. मुलाच्या हक्काचा पैसा मुलासाठी म्हणून वेगळा आला, तर त्यावर आईने कर भरावा, असे म्हणण्यास ह्या रचनेत आधार सापडत नाही. तो आईच्या पोटगीत कालवून आला, तर मात्र तिचे बोट दाखविणे अवघड होते.

१९९२ च्या वित्त कायद्याने अज्ञान अपत्याचे उत्पन्न आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नात मिळविण्याचा नियम केला. आईबापांचा विवाह टिकून नसेल तर ते मुलाचे पोषण करणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवावयाचे. प्राप्तिकर कायद्याने तुटलेल्या संसारातील मुलाकडे सरळ पाहिल्याची ही दुर्मीळ जागा. पण ‘पोषण करणारा’ कोण? मूल आईजवळ राहते, पैसे बाप पाठवितो. पोषण दोघांचेही आहे. मुलाच्या नावाने बँकेत ठेवलेल्या रकमेचे व्याज कोणाच्या विवरणपत्रात जावे, हे एका क्रियापदावर टांगलेले आहे. त्याच वेळी दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट देण्यात आली. तीन दशके उलटून गेली तरी तो आकडा हलला नाही, आणि २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत तीही सूट मिळत नाही. बापाच्या बाजूनेही असाच एक विसंवाद आहे. जुन्या प्रणालीत दोन मुलांपर्यंतची शाळेची शिकवणी-फी त्याने स्वतः भरली, तर ८०-सी कलमाखाली वजावट मिळते. तीच रक्कम पोटगी म्हणून आईकडे पाठविली आणि आईने ती शाळेत भरली, तर त्याला काही नाही. शाळा तीच, मूल तेच, पैसाही तोच. फरक फक्त पावतीवरील नावाचा.

दिवाणी न्यायालयांनी ह्या बाबतीत करकायद्यापेक्षा अधिक स्पष्टता दाखविली आहे. आईने तडजोडीत मुलाची पोटगी सोडून दिली तरी ती तडजोड मुलाला बांधत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. आणि नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीसंबंधी देशभरासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. उभय पक्षांनी आपल्या मिळकतीची व देण्यांची प्रतिज्ञापत्रे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रांसह, दाखल करावीत, हा त्यांतलाच एक. नागपूरच्या मूळ आदेशात एक गोष्ट अशी होती की ती कायद्याच्या पाठ्यपुस्तकात सहसा कोणी अधोरेखित करीत नाही. तेथे पत्नीला दरमहा १५,००० रुपये वेगळे आणि मुलाला सुरुवातीस ५,००० व पुढे १०,००० रुपये वेगळे ठरविलेले होते. १९५३ च्या मुंबईच्या हुकूमनाम्यात जी रेघ ओढली गेली नव्हती, ती नागपूरच्या न्यायाधीशांनी ओढली. ह्या दोन आदेशांच्या मध्ये साठ वर्षांचा काळ आहे.

२०२५ साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अमलाची तारीख ठरविली. १९६१ चा कायदा त्याने बाजूस सारला, भाषा सुटसुटीत केली, कलमांची संख्या घटविली. पोटगी व अपत्यपोषण ह्यांसाठी स्वतंत्र कलम मात्र त्यातही नाही. म्हणून विवाहविच्छेदाच्या कागदावर सही करण्याची वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांनी विधिमंडळाची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या लोकांत एक जण दिल्लीत, दुसरे साताऱ्यास वा अकोल्यास, अशी घरे पुष्कळ आहेत. दोन गावांत वाटलेल्या संसाराला मोडताना कागद अधिक चोख लागतो. काय द्यावयाचे ते ठोक की मासिक, हे त्यात असावे. मालमत्ता द्यावयाची असेल, तर ती विभक्त राहण्याच्या कराराच्या अनुषंगाने दिली, असे त्यात लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाची रक्कम आईच्या रकमेपासून वेगळ्या ओळीत, मुलाच्या नावाने मांडावी.

ही शेवटची ओळ बहुतेक वेळा राहून जाते. भांडणाच्या धगीत दोन मोठी माणसे आपापल्या आकड्यांसाठी झगडतात आणि मूल त्या आकड्यात कोठेतरी विरघळून जाते. न्यायालयातील खेपांनी दोघेही थकलेली असतात. वकील सांगतो की एकच रक्कम लिहा, सुटसुटीत होईल. सुटसुटीत होते ते हुकूमनाम्याचे पान. पुढची दहा-बारा वर्षे, मूल सज्ञान होईपर्यंत, दर जुलै महिन्यात विवरणपत्र भरताना आईने त्या एका न लिहिलेल्या ओळीचा हिशेब द्यावयाचा असतो. फारखतीचा कागद दोघांचाच असतो. ज्याची फारखत होऊ शकत नाही, त्याचे नाव त्यावर लिहिण्याची काळजी त्या दोघांनीच घ्यावयाची आहे.